दम घ्या, विचारा : स्टेम सेलनं फुप्फुसाला ठिगळ लागतं का?

गेल्या अंकात एचआरसीटीच्या, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनच्या, स्कोअरवर लिहिलं होतं, वाटलं त्यावरच प्रश्न येतील, पण बघतो तर निम्म्याहून जास्त पत्रं नि मेसेज स्टेम सेलवर, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशींवर. स्टेम सेलनं खराब फुप्फुस बरं होतं असं सांगणारा कुठलातरी एक व्हिडिओ सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय म्हणे, मलाही माझ्या मावशीनं पाठवला, खाली हात जोडलेले चार इमोजी. तर या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतो.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. माझा भाऊ 38 वर्षांचा, अंबडला कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. साधा ताप खोकला होता, दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी सॅच्युरेशन 82 वर आलं आणि आता 11 दिवस झाले आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टर म्हणतात एआरडीएस आहे, पीएफ 118. आमच्या चुलत मेव्हण्यानं कुणाचा तरी नंबर दिला, तो माणूस म्हणतो नाळेच्या स्टेम सेलचे तीन डोस, साडेसहा लाख, पेशंट हलवायची पण गरज नाही, आम्ही बॉक्समध्ये आणून देतो. वडील सिन्नरची एक एकर विकायला निघालेत. भाऊ एकटा कमावता आहे. काय करू?
– एक बहीण, नाशिकरोड

उत्तर : ताई, तुमच्याशी फोनवर बोलणं झालंच आहे, मासिक छापून येईपर्यंत कुणाचं आयसीयू थांबत नाही, पण अशीच आणखी चार पत्रं आलीत म्हणून इथं सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो, एकर विकू नका. निदान याच्यासाठी तरी नको.

आता एआरडीएस, म्हणजे अचानक येणारा फुप्फुसाचा तीव्र बिघाड, हा आजार काय ते बघू. फुप्फुसात साधारण 30 ते 50 कोटी बारीक वायुकोश असतात, द्राक्षाच्या घडासारखे, आणि प्रत्येक मण्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. न्यूमोनिया, सेप्सिस म्हणजे अंगभर भिनलेला संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, उलटी श्वासात जाणं, निमित्त काहीही होतं आणि शरीराची स्वतःचीच फौज इतकी चवताळते की मण्याची साल नि भोवतीचं जाळं दोन्ही गळायला लागतं. मग मण्यात हवेच्या जागी प्रथिनांचं पाणी भरतं. त्यात मणी उघडा ठेवणारं साबणासारखं एक द्रव्य असतं, सर्फॅक्टंट, तेही खराब होतं, म्हणून मणी चिकटून बसतात. अवकाळी झोडपून गेल्यावर बागेत घड कसे दिसतात, तसं समजा. एक्सरेत दोन्ही बाजू पांढऱ्या, आणि नाकाला कितीही ऑक्सिजन लावा, रक्तात पोचतच नाही. 1967 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी असे 12 पेशंट एकत्र मांडले तेव्हापासून हे ओळखीचं झालं. जरा सौम्य असेल तर त्याला अक्युट लंग इंज्युरी म्हणायचे, 2012 मध्ये बर्लिन व्याख्या आली तेव्हा ते नाव काढून सौम्य, मध्यम, तीव्र असे तीन प्रकार केले. तुमच्या रिपोर्टवरचं पीएफ म्हणजे रक्तातला ऑक्सिजन भागिले आपण देतोय तो ऑक्सिजन. धडधाकट माणसाचं 400 च्या पुढे असतं. 200 ते 100 म्हणजे मध्यम, आणि 118 त्यात अगदी खालच्या टोकाला.

आता स्टेम सेल. लोकांच्या डोक्यात असं असतं की स्टेम सेल म्हणजे बी, पेरलं की नवीन फुप्फुस उगवणार. खरं सांगू का, एमडी करताना मलाही थोडंफार असंच वाटायचं. इथं ज्या पेशी वापरतात त्यांना मेसेन्कायमल पेशी म्हणतात, अस्थिमज्जा, नाळ, चरबी कुठूनही काढता येतात. शिरेतून दिल्या की रक्ताबरोबर जाऊन पहिल्यांदा फुप्फुसाच्या बारीक जाळ्यातच अडकतात, म्हणून तर फुप्फुसाच्या आजारात लोकांना एवढी आशा वाटली. पण त्यांचं फुप्फुस होत नाही. बहुतेक पेशी एकदोन दिवसांत मरतात, जाताना आजूबाजूला रासायनिक निरोप सोडून जातात, की बाबांनो सूज आवरा, गळती बुजवा, पाणी उपसा. कधीकधी स्वतःची मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस, शेजारच्या जखमी पेशीला देतात असंही उंदरांमध्ये 2012 ला दिसलं. वाचायला फारच भारी आहे हे सगळं.

उंदरांत चालतंही झकास. माणसांत काय झालं ते बघा. अमेरिकेत स्टार्ट नावाची ट्रायल झाली. आधी 9 जणांवर फक्त सेफ्टी बघितली, 2015 मध्ये छापून आलं, पेशींमुळे त्रास दिसला नाही. मग 60 पेशंट घेतले, 40 जणांना अस्थिमज्जेच्या पेशी, वजनाच्या किलोमागे 1 कोटी, आणि 20 जणांना प्लासिबो, म्हणजे नुसतं सलाईनसारखं. 28 दिवसांत पेशीवाल्यांपैकी 30 टक्के गेले आणि प्लासिबोवाल्यांपैकी 15 टक्के. घाबरू नका, पेशींनी मारलं असा त्याचा अर्थ होत नाही, पेशीच्या गटात मुळातच जास्त सिरियस लोक पडले होते आणि माणसं इतकी थोडी की एवढा फरक योगायोगानंही पडतो. पण पेशींनी वाचवलं असं तर कुठल्याच हिशोबानं म्हणता येत नाही ना.

मग कोविड आला. मायामीत 24 जण घेतले, निम्म्यांना नाळेच्या पेशी दिल्या, 31 दिवसांनी त्यांच्यातले 91 टक्के जिवंत, दुसऱ्या गटात 42. व्हिडिओत जो आकडा नाचतोय तो हाच, माझी खात्री आहे. इकडे 12 तिकडे 12 एवढ्यावर ढोल वाजवले गेले. दुसरी एक मोठी ट्रायल होती, अस्थिमज्जेच्या पेशींची, ती 222 पेशंटपर्यंत गेली आणि 2020 च्या डिसेंबरात हिशोब बघणाऱ्या स्वतंत्र कमिटीनं सांगितलं, पुढं नेऊन फायदा दिसायचा नाही, थांबा. पेशी घेतलेल्यांत महिन्याभरात 37.5 टक्के गेले आणि न घेतलेल्यांत 42.7, एवढ्यावरून काही ठरत नाही. फ्रान्समध्ये 45 जण, ब्रिटनच्या रिअलिस्ट ट्रायलमध्ये 60 च्या आसपास, तिथंही ऑक्सिजन काही सुधारला नाही. व्हिडिओ बनवणाऱ्यानं हे कुठलंच सांगितलेलं नाही, मी दोनदा बघितला.

आता ते बॉक्सचं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजन म्हणजे काय असतं हे सगळ्या नाशिककरांना एप्रिलात कळून चुकलं होतं तेव्हा, एका पेशंटचा मुलगा माझ्यासमोर काउंटरवर थर्माकोलचा डबा घेऊन आला. मासे पाठवतात तसला, चारी बाजूंनी तपकिरी टेप, आत दोन जेल पॅक, मध्ये एक छोटी पिशवी आणि तिच्यावर मार्करनं लिहिलेलं, "5 कोटी". बस. बॅच नंबर नाही, तारीख नाही, कुणाच्या नाळेतून काढल्या ते नाही. मी आणणाऱ्याला विचारलं यातल्या आत्ता जिवंत किती, तर म्हणाला सर कंपनी मेल करेल. मेल काही आला नाही. अहो या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 डिग्रीला, गोठवून ठेवतात, वितळवल्या की घड्याळ सुरू होतं. वर सांगितलेल्या स्टार्टमध्ये, जिथं सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं, तिथंसुद्धा पेशंटपर्यंत पोचताना जिवंत पेशी कधी 85 टक्के तर कधी 36 टक्केच भरल्या. मग जेल पॅकवर घाटातून आलेल्या डब्याचं काय बोलायचं. मी ती पिशवी दिली नाही, त्या मुलानं माझ्याशी बरेच दिवस बोलणं सोडलं.

आणि कायद्याचं म्हणाल तर आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची नियमावली सरळ आहे, रक्ताच्या आजारांसाठी होणारं बोनमॅरोसारखं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेल हा प्रयोग समजायचा, तो परवानगी घेतलेल्या ट्रायलमध्येच करायचा. एखाददुसऱ्या पेशीच्या औषधाला आपल्याकडे मान्यता आहे, उदाहरणार्थ बर्जर रोगात पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात त्यासाठी, पण फुप्फुसासाठी नाही. आणि प्रयोगात पेशंटकडून त्या औषधाचे पैसे घ्यायचे नसतात, उलट काही वाईट झालं तर उपचार नि भरपाई त्यांनी द्यायची, भरपाईचं तर 2019 च्या नव्या औषधं आणि ट्रायलच्या नियमातच आहे. म्हणून त्या माणसाला फोन करून फक्त सीटीआरआयचा नंबर विचारा. 2009 पासून भारतात ट्रायल त्या सरकारी रजिस्टरवर नोंदवल्याशिवाय चालत नाही आणि ते कुणालाही नेटवर फुकट बघता येतं. कोणत्या एथिक्स कमिटीनं मान्यता दिली तेही विचारा. साडेसहा लाख मागणारा यातलं काहीच देऊ शकणार नाही, बघा तुम्ही.

भावाचं काय? खोटं बोलत नाही. 2016 मध्ये 50 देशांतल्या आयसीयूंची पाहणी आली, त्यात मध्यम प्रकारातले साधारण 40 टक्के हॉस्पिटलातच गेले. म्हणजे 60 टक्के घरी आले, आणि तुमचा भाऊ 38 चा आहे, किडनी चांगली आहे, हे त्याच्या बाजूचं आहे. फुप्फुसाकडे स्वतःच्या राखीव पेशी असतात, टाइप टू म्हणतात त्यांना, त्याच सर्फॅक्टंट बनवतात आणि वेळ मिळाला तर त्याच वाढून साल पुन्हा शिवतात. आपण बाहेरून पेशी आणायच्या मागे लागतो आणि घरचे कारागीर तिथंच बसलेले असतात, त्यांना फक्त वेळ हवा असतो. कॅनडात 109 वाचलेल्या लोकांना वर्षभर तपासलं, 2003 ला छापून आलं, त्यांची फुप्फुसं सहा महिन्यांत जवळपास नॉर्मल आली होती, रखडले ते हातापायाच्या ताकदीत, वर्षानं निम्मेच कामावर परतले होते. पैसा ठेवायचाच तर त्या महिन्यांसाठी ठेवा, फिजिओला, अंडी-दूध-डाळीला, घरभाड्याला. आणि हॉस्पिटलात आरोग्यमित्राला गाठून सरकारी योजनेत काय बसतं ते आजच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमधल्या एकानं सफरचंदाच्या स्टेम सेलची पावडर आणलीय, रोज एक पुडी, दम्याला नि फुप्फुसाला चांगली म्हणे. 2,800 रुपये. घेऊ का?
– इंदिरानगर

उत्तर : सफरचंद घ्या. पावडरीतल्या झाडाच्या पेशी पोटात गेल्या की पचतात, कोथिंबिरीच्या पचतात तशाच. दम्याचा पंप मात्र बंद करू नका, पावडरवाले पहिलं तेच सांगतात.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझे साडू आयसीयूत आहेत. काल भेटायला गेलो तर त्यांना चक्क पालथं झोपवलेलं, तोंड सुजलेलं, बघवत नव्हतं. आणि व्हेंटिलेटरवर आकडा बघितला तर 370. सिस्टरला विचारलं, म्हणाली एवढाच श्वास देतोय. माणूस श्वासासाठी तडफडतोय आणि मशीन कंजुषी करतंय हे काय गणित आहे? तिथल्या डॉक्टरांना विचारायला बिचकतो.
– एक निवृत्त शिक्षक, सिडको

उत्तर : काका, बिचकू नका, विचारा, पण तुमचे साडू चांगल्या हातात दिसतायत. या आजारात फुप्फुसाचा बराच भाग पाण्यानं भरून बंद पडलेला असतो, उघडा राहिलेला भाग पाच-सहा वर्षांच्या पोराच्या फुप्फुसाएवढाच, त्याला बेबी लंगच म्हणतात. पूर्वी आम्ही मोठमोठे श्वास द्यायचो, किलोला 12 मिली. सगळी हवा त्या उरलेल्या पोराएवढ्या भागात घुसायची आणि तो फाटायचा. 2000 साली अमेरिकेत 861 पेशंटची ट्रायल झाली, किलोला 6 मिली दिलं तर मृत्यू 39.8 वरून 31 टक्क्यांवर आले. यातला किलो म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे हां, उंचीवरून काढलेलं. साडू साधारण पाच फूट पाच इंच असतील तर 370 मिली बरोब्बर बसतं. चार कटिंग चहा मावतील एवढी हवा.

पालथं झोपवण्याचं म्हणाल तर पाठीकडचा भाग उताण्या माणसात हृदयाच्या नि पोटाच्या वजनाखाली दबलेला असतो, पालथं केलं की तो उघडतो. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये दाखवलं, सलग 16 तास पालथं ठेवलं तर 28 दिवसांतले मृत्यू 32.8 वरून 16 टक्के, निम्मे झाले हो! ना इंजेक्शन ना पेशी, फक्त माणूस उलटा करायचा. त्याला चार-पाच जण लागतात आणि रात्री तीनला तेवढा स्टाफ हजर असावा लागतो, खरा खर्च तिथं आहे. तोंडाची सूज उतरते.

प्रश्न : आम्ही मुलीच्या जन्माच्या वेळी कॉर्ड ब्लड बँकेत पैसे भरून नाळेचं रक्त ठेवलंय. आता सासऱ्यांना न्यूमोनियातून एआरडीएस झाला. ते रक्त आजोबांना देता येईल का? बँकेच्या माहितीपत्रकात 80 आजारांची यादी आहे.
– गंगापूर रोड

उत्तर : नाही देता येणार. गोंधळ असा होतो की नाळेत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. नाळेच्या रक्तात रक्त बनवणाऱ्या पेशी असतात, त्या ल्युकेमिया, थॅलेसेमिया असल्या आजारांत कामाच्या, माहितीपत्रकातली ती यादी बहुतेक अशाच आजारांची असते, चष्मा लावून वाचा. वर सांगितलेल्या मेसेन्कायमल पेशी नाळेच्या चिकट गरातून काढतात, त्या वेगळ्या. आणि त्या तरी कुठे सिद्ध झाल्यात.

स्वतःच्याच मुलासाठी कधीकाळी उपयोगी पडेल म्हणून खासगी बँकेत ठेवायला शास्त्रीय आधार नाही हे आयसीएमआरनं स्पष्ट लिहिलंय आणि 2018 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही तेच सांगितलं. मुलीला थॅलेसेमियाचं मोठं भावंड वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. बाळंतपणाच्या आधी, जेव्हा माणूस कशालाही हो म्हणतो, तेव्हाच हे फॉर्म पुढे करतात याचा मला राग आहे, असो. पुढचा हप्ता भरण्याआधी करार काढून बघा, मध्येच बंद करता येतो का.

प्रश्न : निफाडकडून लिहितोय. आमच्या बागेतल्या सालकऱ्यानं पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं तणनाशक चुकून घोटभर प्यायलं, लगेच थुंकला पण थोडं गेलं. पॅराक्वाट होतं. पहिले दोन दिवस बरा होता, हसत होता, आता सहाव्या दिवशी दम लागतोय. स्टेम सेलनं फुप्फुस वाचेल का?

उत्तर : दादा, हे उत्तर लिहायला मला जड जातंय. पॅराक्वाटवर उतारा नाही. आणि ते नेमकं फुप्फुसालाच का धरतं तर वर ज्या टाइप टू पेशी सांगितल्या, दुरुस्तीवाल्या, त्यांना ते आपल्या रोजच्या लागणाऱ्या रसायनासारखं वाटतं आणि त्या स्वतःहून त्याला आत ओढून घेतात. म्हणजे विष थेट गवंड्यालाच मारतं. मग दोन-तीन आठवड्यांत फुप्फुस चामड्यासारखं होत जातं. हसत होता ते दोन दिवस फसवे असतात, मी असे पेशंट बघितलेत, घरचे म्हणतात काही झालं नाही, घरी नेतो. स्टेम सेलचे उंदरांवर प्रयोग झालेत, माणसाला फायदा झाला असं सिद्ध झालेलं नाही. जे काही होतं ते पहिल्या काही तासांत, कोळशाची पावडर पोटात देणं, रक्त गाळणं, आणि विशेष म्हणजे यात ऑक्सिजन सरसकट लावायचा नसतो, सॅच्युरेशन फारच खाली गेल्याशिवाय, कारण ऑक्सिजन मिळाला की हे विष जास्त जाळतं. म्हणून बाटली किंवा तिचं लेबल बरोबर घेऊनच दवाखान्यात जा, नुसतं "औषध प्यायला" सांगितलं की पहिलं काम ऑक्सिजनचा मास्क लावायचं होतं. त्याला ज्या हॉस्पिटलात ठेवलंय तिथं किडनीचे डॉक्टर आहेत का ते आधी बघा.

केरळनं पॅराक्वाट 2011 मध्येच बंद केलं, युरोपात 2007 पासून नाही. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीत भरून झाडाच्या फांदीला टांगलेलं मी स्वतः बघितलंय, निळसर हिरवं, सरबतासारखं. आणि कुणी मुद्दाम घेतलं असेल तर तेही डॉक्टरपासून लपवू नका, मनावर ओझं असेल तर टेलिमानसचा 14416 हा फोन चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

प्रश्न : सर मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एवढ्या ट्रायल फसल्या तर लोक अजून यावर काम का करतायत?
– पंचवटी

उत्तर : चांगलं विचारलंस. एक तर एआरडीएस हा एकच आजार नाही. 2014 मध्ये जुन्या ट्रायलचेच पेशंट पुन्हा तपासले तेव्हा दोन गट निघाले, एकात सूज अक्षरशः पेटलेली, दुसऱ्यात जरा थंड. सूज विझवणाऱ्या पेशी दोघांनाही सारख्याच दिल्या तर फायदा असला तरी हिशोबात बुडतो. पुढे योग्य गट निवडून दिलं तर काय, हे बघायचं बाकी आहे. दुसरं ते जिवंत पेशींचं, 36 टक्क्यांचं. म्हणून काही जण म्हणतात पेशी देऊच नका, ती ज्या बारीक पुड्यांत निरोप पाठवते त्या एक्सोसोम गोळा करून द्या, त्या गोठवायला वितळवायला सोप्या. आणि या पेशी सगळीकडे निकामी आहेत असंही नाही, ट्रान्सप्लांटनंतर मुलांमध्ये जी जीव्हीएचडी नावाची रिॲक्शन येते, स्टिरॉइडनं न आवरणारी, तिच्यासाठी 2024 च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. गंमत बघ, 222 पेशंटच्या कोविड ट्रायलमध्ये जे फसलं तेच औषध. मला विचारशील तर फुप्फुसातही कधीतरी काहीतरी निघेल, पण ते जेल पॅकवर येणार नाही.

तोवर आयसीयूचं पोस्टिंग लागलं की पेशंट पालथा करताना डोक्याकडे कोण उभं राहतं ते बघ. तो एका हातानं श्वासाची ट्यूब धरतो आणि मोठ्यानं एक दोन तीन मोजतो, त्याच्या तीनवर बाकीचे वळवतात, त्याच्या आधी कुणी चादर ओढली की ट्यूब हातात येते. एकदा तरी ती जागा मागून घे.